आमदाराच्या विधिमंडळातील कारकिर्दीचा अभ्यास कसा करावा

आमदाराने पाच वर्षांत काय केले, या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे बहुधा रस्त्यांच्या, सभामंडपांच्या आणि पाणीपुरवठा योजनांच्या फलकांवरून दिले जाते. राज्यघटनेने आमदाराकडे सोपवलेले काम मात्र कायदे करणे, राज्याच्या खर्चाला मंजुरी देणे आणि मंत्रिमंडळाला जाब विचारणे हे आहे, आणि त्या कामाचा लेखी पुरावा विधिमंडळाच्या कागदपत्रांत जमा होत असतो. हा पुरावा कोठे मिळतो, तो कोणत्या क्रमाने वाचावा आणि वाचताना कोठे फसगत होते, हे राज्यशास्त्राचे विद्यार्थी, तालुका पातळीवरचे वार्ताहर आणि सार्वजनिक कामात रस असलेले नागरिक यांच्यासाठी येथे सविस्तर मांडले आहे. विवेचन महाराष्ट्र विधिमंडळापुरते आहे.

पहिली पायरी : कारकिर्दीचा कालपट तयार करणे

प्रथम सदस्य कोणत्या सभागृहाचा आहे हे नोंदवावे. महाराष्ट्र विधानसभेत २८८ जागा असून त्यांपैकी २९ अनुसूचित जातींसाठी आणि २५ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी ३० जागा विधानसभा सदस्यांकडून, २२ स्थानिक स्वराज्य संस्थांकडून आणि पदवीधर व शिक्षक मतदारसंघांतून प्रत्येकी ७ अशा भरल्या जातात, तर १२ सदस्य राज्यपाल नामनिर्देशित करतात. विधानसभेची मुदत पाच वर्षांची असते. परिषद मात्र कधीच विसर्जित होत नाही. तिचा सदस्य सहा वर्षांसाठी येतो आणि दर दोन वर्षांनी सुमारे एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात. शिक्षक मतदारसंघातून आलेल्या सदस्याचे प्रश्न शाळा, अनुदान आणि वेतन यांभोवती फिरत असतील, तर त्यात एकांगीपणा शोधण्याचे कारण नाही, कारण तो ज्यांचा प्रतिनिधी आहे त्यांचेच प्रश्न मांडत असतो.

त्यानंतर सदस्याने लढवलेली प्रत्येक निवडणूक, तिचे वर्ष, पक्ष, मतदारसंघ आणि निकाल एका तक्त्यात मांडावे. राज्याच्या स्थापनेनंतर १९६२, १९६७, १९७२, १९७८, १९८०, १९८५, १९९०, १९९५, १९९९, २००४, २००९, २०१४, २०१९ आणि २०२४ या वर्षी विधानसभेच्या सार्वत्रिक निवडणुका झाल्या. केवळ या वर्षांवर विसंबून राहिल्यास पोटनिवडणुका निसटतात. सांगोल्याचे गणपतराव देशमुख १९६२ पासून ११ वेळा विधानसभेवर निवडून आले. १९७२ आणि १९९५ मध्ये ते पराभूत झाले होते आणि १९७४ मध्ये पोटनिवडणुकीतून सभागृहात परतले. सार्वत्रिक निवडणुकांचेच निकाल पाहणाऱ्याच्या हिशेबात त्यांची एक निवड कमी भरेल आणि १९७२ ते १९७८ हा सर्व काळ ते सभागृहाबाहेर होते, असा चुकीचा निष्कर्ष निघेल.

मतदारसंघाचे नाव तेच राहिले तरी त्याची हद्द तीच राहिली असे समजू नये. २००८ च्या परिसीमनानंतर, म्हणजे मतदारसंघांच्या हद्दी नव्याने आखल्या गेल्यानंतर, अनेक मतदारसंघ नाहीसे झाले, काही नव्याने निर्माण झाले आणि काहींचे आरक्षण बदलले. ही नवी रचना २००९ च्या निवडणुकीपासून लागू झाली. म्हणून २००४ आणि २००९ मधील मतांची थेट तुलना करण्यापूर्वी कोणती महसूल मंडळे आणि कोणत्या नगरपालिका मतदारसंघात आल्या किंवा बाहेर गेल्या, हे परिसीमन आदेशातून तपासणे अत्यावश्यक आहे.

कालपटात मंत्रिपदाचा, विरोधी पक्षनेतेपदाचा, पक्ष प्रतोदाच्या (सभागृहात पक्षाची शिस्त सांभाळणाऱ्या सदस्याच्या) जबाबदारीचा आणि पीठासीन अधिकारी (विधानसभेचे अध्यक्ष किंवा परिषदेचे सभापती) म्हणून केलेल्या कामाचा काळ वेगळ्या रंगाने दाखवावा. मंत्री प्रश्न विचारत नाही, प्रश्नांना उत्तरे देतो. अध्यक्ष किंवा सभापती वादात उतरत नाहीत. या काळातील शून्य प्रश्न म्हणजे निष्क्रियता नव्हे, आणि एवढी साधी गोष्ट ध्यानात न घेतल्यामुळे कित्येक प्रगतिपुस्तके मुळापासून चुकतात.

दुसरी पायरी : शपथपत्रे वाचणे

उमेदवारी अर्जासोबत नमुना २६ मधील शपथपत्र द्यावे लागते आणि त्यात मालमत्ता, देणी, शिक्षण, उत्पन्नाचे स्रोत आणि फौजदारी प्रकरणे यांचा तपशील असतो. ही शपथपत्रे निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर पाहता येतात. एकच शपथपत्र वाचून फारसे हाती लागत नाही. लागोपाठच्या तीन-चार निवडणुकांची शपथपत्रे शेजारी ठेवली म्हणजे त्यांतील बदल बोलू लागतात. जमिनीच्या किमती वाढल्यामुळे झालेली वाढ आणि नव्या खरेदीमुळे झालेली वाढ वेगवेगळी दाखवावी, कारण बारा वर्षांपूर्वी घेतलेल्या शेताचा भाव चढला, यात आमदाराचे कर्तृत्वही नाही आणि दोषही नाही.

फौजदारी प्रकरणांच्या बाबतीत गुन्हा नोंद होणे, न्यायालयाने आरोप निश्चित करणे आणि दोषसिद्धी होणे या तीन अवस्था काटेकोरपणे वेगळ्या ठेवाव्यात. आंदोलनात जमावबंदीचा आदेश मोडल्याचा गुन्हा आणि फसवणुकीचा गुन्हा एकाच बेरजेत घालणे अन्यायाचे आहे. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम ८ नुसार काही विशिष्ट गुन्ह्यांत दोषी ठरल्यास शिक्षा कितीही असली तरी अपात्रता येऊ शकते आणि इतर गुन्ह्यांत दोन वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षा झाल्यास ती येते. अपील दाखल केल्यावर सदस्यत्व आपोआप टिकवणारी तरतूद सर्वोच्च न्यायालयाने लिली थॉमस प्रकरणात २०१३ मध्ये रद्द केली. त्याआधीच्या आणि नंतरच्या घटनांना एकच मापदंड लावू नये.

तिसरी पायरी : सभागृहातील आयुधांची नोंद करणे

अभ्यासाचा गाभा येथे आहे आणि सर्वाधिक वेळही येथेच द्यावा. महाराष्ट्रात साधारणपणे वर्षाला तीन अधिवेशने होतात : अर्थसंकल्पीय आणि पावसाळी अधिवेशन मुंबईत, तर हिवाळी अधिवेशन १९५३ च्या नागपूर कराराला अनुसरून नागपुरात. प्रत्येक दिवसाची कामकाजपत्रिका, प्रश्नोत्तरांच्या याद्या आणि कार्यवाहीचा शब्दशः वृत्तांत ही मूळ साधने होत. विधानमंडळाच्या संकेतस्थळावर यांतील बरेच साहित्य मिळते. जुन्या काळासाठी विधानमंडळ ग्रंथालयात किंवा मोठ्या विद्यापीठांच्या ग्रंथालयांत छापील खंड शोधावे लागतात.

तारांकित प्रश्नाला सभागृहात तोंडी उत्तर मिळते आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात, तर अतारांकित प्रश्नाला फक्त लेखी उत्तर मिळते. प्रश्नांच्या यादीत एका प्रश्नाखाली पुष्कळदा अनेक सदस्यांची नावे असतात, कारण सारख्या आशयाच्या सूचना एकत्र केल्या जातात. त्या सगळ्यांना एक-एक प्रश्नाचे श्रेय दिले की आकडे फुगतात आणि ज्याने विषय खणून काढला तो व ज्याने केवळ सही केली तो, असे दोघेही सारखेच दिसू लागतात. दोघांतील फरक उपप्रश्नांतून कळतो. म्हणून नुसत्या यादीवर न थांबता त्या दिवसाच्या कार्यवाहीत जाऊन कोण उभे राहिले, कोणी खात्याचा आकडा खोडून काढला आणि कोणाच्या प्रश्नामुळे मंत्र्याला चौकशी किंवा बैठक जाहीर करावी लागली, हे पाहावे.

उत्तरांचीही एक ठरीव भाषा असते. ‘हे खरे आहे’, ‘अंशतः खरे आहे’, ‘हे खरे नाही’ आणि ‘प्रश्न उद्भवत नाही’ ही वाक्ये पानोपानी भेटतात. ‘प्रश्न उद्भवत नाही’ असे उत्तर वारंवार येत असेल, तर दोन शक्यता असतात : प्रश्न ऐकीव माहितीवर आधारलेला होता, किंवा खात्याने शब्दांचा आधार घेऊन मुद्दा टाळला. कोणती शक्यता खरी, हे त्याच विषयावर सदस्याने पुढच्या अधिवेशनात अधिक नेमका प्रश्न विचारला का, यावरून बरेचसे उलगडते. चांगला आमदार टाळाटाळीचे उत्तर मिळाले म्हणून विषय सोडत नाही. तो गावाचे नाव, आदेशाचा क्रमांक आणि तारीख घेऊन परत येतो. माझ्या मते सदस्याच्या कामाची ही सर्वांत विश्वासार्ह खूण आहे.

प्रश्नांच्या जोडीला लक्षवेधी सूचना, अर्धा तास चर्चा, औचित्याचे मुद्दे, स्थगन प्रस्ताव (तातडीच्या विषयासाठी नियोजित कामकाज थांबवण्याची मागणी), अशासकीय म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेले ठराव व विधेयके आणि अंदाजपत्रकातील मागण्यांवरील कपात सूचना (मागणीची रक्कम कमी करण्याचे प्रस्ताव) यांची नोंद करावी. विधानसभेत लक्षवेधी सूचना नियम १०५ खाली येते आणि सार्वजनिक महत्त्वाच्या विषयावरील सविस्तर चर्चा नियम २९३ खाली घेतली जाते. या प्रत्येक आयुधाचे वजन वेगळे आहे. औचित्याच्या मुद्द्याने विषय नोंदला जातो. लक्षवेधीवर मंत्र्याला निवेदन करावे लागते. अशासकीय विधेयक संमत होण्याची शक्यता फार थोडी असली तरी त्याचा मसुदा सदस्याची कायदेविषयक समज जेवढी स्पष्ट दाखवतो, तेवढी क्वचितच दुसरे काही दाखवते. त्यामुळे सगळ्यांची एकत्र बेरीज करून ‘एकूण सहभाग’ असा एकच आकडा काढू नये.

अर्थसंकल्पीय अधिवेशनातील भाषणे वेगळी काढून वाचावीत. विभागवार मागण्यांवर बोलताना काही सदस्य केवळ मतदारसंघातील कामांची यादी वाचतात, तर काही जण मागील वर्षाची तरतूद, प्रत्यक्ष खर्च आणि पुरवणी मागण्या (वर्षाच्या मध्येच मागितलेला जादा निधी) यांची सांगड घालून बोलतात. दोन्ही प्रकारच्या भाषणांना सभागृहात स्थान आहे, परंतु पहिल्याच प्रकारात सारी कारकीर्द गेलेली असेल, तर तसे लिहायला हवे.

उपस्थितीचा आकडा जपून वापरावा. हजेरीची नोंद सदस्य त्या दिवशी येऊन गेला एवढेच सांगते, किती वेळ बसला हे सांगत नाही. अनुपस्थितीमागे आजारपण, पक्षाचा बहिष्कार किंवा निलंबनही असू शकते. जुलै २०२१ मध्ये विधानसभेच्या १२ सदस्यांना एका वर्षासाठी निलंबित करण्यात आले होते आणि जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अधिवेशनाच्या मुदतीपलीकडचे ते निलंबन घटनाबाह्य ठरवले. त्या काळातील त्यांची गैरहजेरी सामान्य गैरहजेरीत मोजता येणार नाही.

कार्यवाही उद्धृत करताना एक दक्षता अनिवार्य आहे. पीठासीन अधिकाऱ्यांनी कामकाजातून काढून टाकलेले शब्द प्रसिद्ध करणे हा विशेष हक्कभंगाचा विषय होऊ शकतो. त्यामुळे चित्रफितीत ऐकलेले वाक्य अधिकृत वृत्तांताशी ताडून पाहावे.

चौथी पायरी : एका विषयाचा माग शेवटपर्यंत काढणे

सर्व नोंदी हाती आल्यावर सदस्याने वारंवार मांडलेले दोन किंवा तीन विषय निवडावेत आणि प्रत्येकाचा प्रवास मांडावा. समजा, एका उपसा सिंचन योजनेचा विषय आहे. प्रथम प्रश्न केव्हा विचारला गेला, उत्तर काय मिळाले, मंत्र्यांनी सभागृहात आश्वासन दिले का, ते आश्वासन पुढे आश्वासन समितीकडे गेले का, पुढच्या अर्थसंकल्पात किंवा पुरवणी मागण्यांत तरतूद झाली का, प्रशासकीय मान्यतेचा शासन निर्णय केव्हा निघाला आणि शेवटी शेतात पाणी पोहोचले का, अशी साखळी तारखांसह लिहावी. शासन निर्णय राज्य शासनाच्या संकेतस्थळावर विभागवार मिळतात आणि प्रत्येकावर संगणक सांकेतांक असतो. तो टिपून ठेवल्यास पुढे कोणालाही पडताळणी करता येते.

या साखळीतील एखादा दुवा सापडत नसेल, तर तेथे अंदाजाने पूल बांधू नये. आमदाराने मागणी केली आणि दोन वर्षांनी काम झाले, एवढ्यावरून त्याच्या मागणीमुळेच काम झाले हे सिद्ध होत नाही. त्या दोन वर्षांत शेजारच्या आमदाराने, खासदाराने, जिल्हा परिषदेने किंवा एखाद्या जनहित याचिकेनेही रेटा लावलेला असू शकतो. श्रेय वाटून द्यावे लागले तर ते वाटून द्यावे. वाचकाला ते समजते.

काही कारकिर्दींचे मोठेपण प्रश्नांच्या याद्यांत सापडतच नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. १९६० ते १९७८ या काळात विधान परिषदेचे सभापती असलेले वि. स. पागे यांचे नाव रोजगार हमी योजनेशी कायमचे जोडले गेले आहे. पीठासीन अधिकारी या नात्याने सभागृहात वाद घालण्याची मोकळीक त्यांना नव्हती. त्यांनी विचार, पत्रव्यवहार आणि पाठपुरावा यांच्या बळावर ती कल्पना शासनापर्यंत नेली. १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर उपयोगी पडली, तिच्या खर्चासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर आला आणि १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला. अशा सदस्याचा अभ्यास करताना खासगी पत्रसंग्रह, शासकीय समित्यांचे अहवाल आणि समकालीन वृत्तपत्रे यांच्याकडे वळावे लागते.

पाचवी पायरी : समित्यांतील काम शोधणे

समित्यांचे कामकाज बंद दाराआड चालते आणि म्हणून ते दुर्लक्षित राहते. लोकलेखा समिती महालेखापरीक्षकांच्या अहवालांवरून खर्चाची तपासणी करते. अंदाज समिती, सार्वजनिक उपक्रम समिती, पंचायत राज समिती, आश्वासन समिती, रोजगार हमी योजना समिती, अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती कल्याण समित्या यांची कार्यक्षेत्रे त्यांच्या नावांवरूनच कळतात. सदस्य कोणत्या समितीवर कोणत्या काळात होता, अध्यक्ष होता की सदस्य, आणि त्या काळात किती अहवाल सभागृहाच्या पटलावर ठेवले गेले, ही माहिती गोळा करावी. अहवालाच्या परिशिष्टात बैठकांची इतिवृत्ते जोडलेली असल्यास त्यांत उपस्थित सदस्यांची नावे मिळतात.

विधेयक संयुक्त समितीकडे गेलेले असेल तर तिचा अहवाल अवश्य वाचावा. महिला व बालकांवरील अत्याचारांसंबंधीचे शक्ती विधेयक डिसेंबर २०२० मध्ये मांडले जाऊन दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेले आणि सुधारणांसह डिसेंबर २०२१ मध्ये संमत झाले. मूळ मसुदा आणि समितीने सुधारलेला मसुदा ओळीला ओळ लावून वाचला, तर आमदार कायदा घडवतात म्हणजे नेमके काय करतात, हे डोळ्यांसमोर येते. समितीच्या अहवालाला जोडलेली भिन्नमतपत्रिका (असहमत सदस्याने मांडलेले वेगळे मत) ही तर सदस्याच्या स्वतंत्र विचाराची लेखी साक्षच असते.

सहावी पायरी : मतदान आणि पक्षनिष्ठा यांचा अर्थ लावणे

आपल्या विधिमंडळात बहुतेक निर्णय आवाजी मतदानाने होतात, त्यामुळे कोणत्या सदस्याने कोणत्या विधेयकाला कसे मत दिले याची नोंद क्वचितच सापडते. मतविभागणी झाली असेल तेव्हाच नावे मिळतात. शिवाय १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या दहाव्या अनुसूचीमुळे (पक्षांतरबंदीच्या तरतुदींमुळे) पक्षादेशाविरुद्ध मत दिल्यास किंवा मतदानाला गैरहजर राहिल्यास सदस्यत्व जाऊ शकते. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने एक तृतीयांश सदस्यांच्या फुटीला असलेले संरक्षण काढून घेतले आणि मंत्रिमंडळाचा आकार सभागृहाच्या १५ टक्क्यांपर्यंत मर्यादित केला. २८८ सदस्यांच्या विधानसभेसाठी ही मर्यादा मुख्यमंत्र्यांसह ४३ येते. पक्षांतराची नोंद करताना त्या वेळी कोणता कायदा लागू होता, अध्यक्षांकडे अपात्रतेची याचिका दाखल झाली का आणि तिचा निकाल काय लागला, हे तिन्ही मुद्दे लिहावेत. या सगळ्यामुळे सदस्याची खरी भूमिका मतापेक्षा भाषणात, दुरुस्तीच्या सूचनेत आणि पक्षाच्या बैठकीनंतरच्या जाहीर वक्तव्यांत शोधावी लागते.

सातवी पायरी : स्थानिक विकास निधीचा हिशेब

आमदार स्थानिक विकास कार्यक्रमाखाली प्रत्येक आमदाराला वर्षाला मिळणारा निधी २०२२ च्या अर्थसंकल्पात ४ कोटींवरून ५ कोटी रुपये करण्यात आला. आमदार कामे सुचवतो. मान्यता आणि निधीवाटप जिल्हाधिकारी व जिल्हा नियोजन यंत्रणेमार्फत होते. सुचवलेली, मंजूर झालेली आणि पूर्ण झालेली कामे यांच्या याद्या माहितीच्या अधिकाराखाली मागवाव्यात आणि अर्जात वर्ष व तालुका स्पष्ट लिहावा. मोघम अर्जाला मोघम उत्तर येते. यादी आल्यावर किमान काही कामे प्रत्यक्ष पाहून यावीत. मात्र या निधीला अभ्यासात मध्यवर्ती स्थान देऊ नये. राज्याच्या अर्थसंकल्पाच्या तुलनेत ही रक्कम अत्यल्प आहे आणि त्या अर्थसंकल्पावर आमदार काय बोलला, हे कितीतरी महत्त्वाचे आहे.

आठवी पायरी : मुलाखती आणि लेखन

कागदपत्रे वाचून झाल्यावरच मुलाखती घ्याव्यात. आधी मुलाखत घेतली तर सदस्याने सांगितलेली गोष्टच अभ्यासाचा सांगाडा होऊन बसते. आमदारांना भेटताना विशिष्ट तारखेचा प्रश्न, विशिष्ट भाषण समोर ठेवावे. ‘साहेब, २०१६ च्या हिवाळी अधिवेशनात आपण ही लक्षवेधी मांडली होती, त्यानंतर हा विषय पुन्हा का आला नाही?’ असे विचारले म्हणजे उत्तरही नेमके येते. त्यांच्या स्वीय सहायकाशी, पराभूत झालेल्या प्रतिस्पर्ध्याशी, तालुक्याच्या जुन्या वार्ताहराशी आणि संबंधित खात्यातील निवृत्त अधिकाऱ्याशी बोलल्याशिवाय चित्र पुरे होत नाही. मृत सदस्याच्या बाबतीत सभागृहातील शोकप्रस्तावावरची भाषणे वाचावीत, पण ती गौरवपर असतात हे विसरू नये.

लेखन करताना प्रत्येक विधानामागे सभागृहाचे नाव, अधिवेशन आणि तारीख असावी. सत्ताधारी बाकावरील सदस्याची तुलना सत्ताधारी बाकावरील सदस्याशी, पहिल्यांदा निवडून आलेल्याची तुलना पहिल्यांदा आलेल्याशीच करावी. सत्ताधारी आमदार पुष्कळ कामे सभागृहाबाहेर मंत्र्यांच्या दालनात मार्गी लावतो आणि विरोधकाला ते दालन तितके खुले नसल्यामुळे तो सभागृहात अधिक बोलतो, हा फरक आकड्यांत उतरतोच. मसुदा तयार झाल्यावर प्रतिकूल निष्कर्ष असलेला भाग संबंधित सदस्याकडे लेखी पाठवून उत्तरासाठी पुरेशी मुदत द्यावी आणि आलेले उत्तर काटछाट न करता मजकुरात घ्यावे. आपल्या नोंदी कोणत्या तारखेपर्यंतच्या आहेत ते पहिल्याच पानावर छापावे आणि तक्ते, उताऱ्यांच्या प्रती व माहिती अधिकाराची उत्तरे तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयात ठेवावीत, म्हणजे पुढच्या निवडणुकीच्या वेळी दुसऱ्या कोणाला तेच काम पहिल्यापासून करावे लागणार नाही.